आमच्या मालकीचं क्वार्टर

पिपलानीतलं कारखान्याचं क्वार्टर आमच्या स्वतःच्या मालकीचं आहे, असं माझ्या वडिलांनी एकदा आयकर खात्याला लेखी कळवलं होतं. सही त्यांची होती, अक्षर माझं.

मी तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आयकर हा माझा विषय होता. म्हणजे पुस्तक होतं. रिटर्नचा खरा फॉर्म वर्गात कुणीच पाहिला नव्हता (सरांनी तरी पाहिला असेल का, असा संशय येत असे). परदेशात चहाचे मळे असलेल्या गृहस्थाचं करपात्र उत्पन्न मी झोपेतही काढलं असतं. पण पिपलानीत असा गृहस्थ मिळेना. इथे सगळे कारखान्यातच.

"घरात मुलगी इन्कम टॅक्स शिकतेय आणि मी वकिलाकडे जाऊ?" बाबा म्हणाले आणि फॉर्म माझ्यापुढे ठेवला.

खरं तर काम सोपं होतं. कारखाना पगाराचा दाखला देई, त्यातले आकडे फॉर्मवर उतरवायचे. पण एवढ्यासाठी का मी रात्रंदिवस कलमं घोकली होती? विद्येला वाव शोधताना मला घराचा रकाना रिकामा दिसला.

"बाबा, या घरात आपण स्वतःच राहतो ना?"

"मग काय भाड्यानं दिलंय?"

"म्हणजे स्वतःच्या राहण्याचं घर. उत्पन्न शून्य." मी क्वार्टरचा नंबर लिहून पुढे ऐटदार शून्य काढलं.

भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "अगं, नळ गळला तरी फॅक्टरीचा माणूस येतो. ते आपलं कसं?"

"आई, कायद्यात नळाचा उल्लेख नाही."

बाबांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी ते शेजारच्या तिवारीअंकलना ऐकवलं. दुसऱ्या दिवशी अंकल आपला दाखला आणि गरम जिलेबी घेऊन हजर. "बिटिया, हमारा भी कर दो." आता हात बसला होता. त्यांचं क्वार्टर मी आणखी झटपट त्यांच्या नावावर केलं.

पुढे दोघांनाही इंद्रपुरीजवळच्या सोसायटीत प्लॉट मिळत होते. कारखाना घरासाठी कर्ज देई. अट एकच, अर्जदाराचं शहरात स्वतःचं घर नसावं. अर्जाला रिटर्नची प्रत जोडायची होती, ती दोघांनी अभिमानानं जोडली. महिनाअखेर पैसे भरले नाहीत तर प्लॉट दुसऱ्याला जाणार होते.

कर्ज मिळालं नाही, दोघांनाही बोलावणं आलं. "हिशेबाचं काही विचारलं तर तू सांग," म्हणून बाबांनी मलाही नेलं.

कर्जविभागाचे साहेब शांत माणूस होते. "कुलकर्णीजी, आपके पास तो अपना मकान है."

"कहाँ, साहब?"

"पिपलानी में. जिस क्वार्टर में आप रहते हैं, वही." त्यांनी दुसरा कागद उचलला. "और बगल वाला तिवारीजी का है. पहले बता देते, हम रंगाई-पुताई बंद करवा देते."

"मैंने तो सिर्फ दस्तखत किए थे," तिवारीअंकल म्हणाले आणि खुर्ची माझ्यापासून जरा लांब सरकवली.

"पूरी लाइन बिक गई, या ये दो ही?"

मी चहाच्या मळ्यांसकट सगळा अभ्यासक्रम विसरून टेबलावरचा पेपरवेट न्याहाळू लागले.

"ये भरा किसने है?"

मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "एक वकील हैं, साहब. जवाहर चौक में बैठते हैं."

"उनसे दोबारा मत मिलिएगा."

"मुश्किल है," बाबा खाली बघत म्हणाले. "दोनों वक्त खाना हमारे यहाँ खाते हैं."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. जवाहर चौकातले वकील दोन वेण्या घालत नसावेत, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी मिशीआड हसू दाबलं आणि दुरुस्त रिटर्न आणायला सोमवारपर्यंत मुदत दिली.

बाबा तिवारीअंकलना स्कूटरवर बसवून खऱ्या वकिलाकडे गेले. मी बसनं घरी आले. रिटर्न सुधारलं, कर्ज मंजूर झालं, दोन्ही प्लॉट वाचले. तिवारीअंकलकडून पेढे आले, सोबत निरोपही: "बिटिया से कहना, अगले साल तकलीफ न करे."

त्या वर्षी आयकराच्या पेपरात मी कॉलेजात पहिली आले. मार्कलिस्ट बाबांनी कुणालाही दाखवली नाही.