इतर उत्पन्नाचा रकाना

पतसंस्थेत हप्ता ठरवून घ्यायला आलेला कर्जदार भांडलाच, तर आपलं उत्पन्न जास्त लिहिलं म्हणून. पंचफुलाबाई मेश्राम भांडायच्या त्या कमी लिहिलं म्हणून.

मी तुमसरच्या एका पतसंस्थेत मॅनेजर होतो. भरलेला अर्ज मी कर्जदारापुढे सरकवायचो आणि बोटानं सहीची जागा दाखवायचो. बाकीचे सही करून निघून जायचे. या बाई पदर सावरून उभ्या राहायच्या. "वाचून दाखवा जी." मी वाचायचो. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच हात वर करायच्या. "अंडे राहिले साहेब. चार कोंबड्या हायेत माह्याकडं. अंडे इकतो मी."

"अंड्यांचं काय लिहायचं बाई?"

"पैसा येते ना? मंग लिवा."

त्या आंबागडच्या, किल्ल्याखालच्या गावच्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या. उंच, काळ्यासावळ्या, सातवी शिकलेल्या. रोज सकाळी पोरांना पंचशील म्हणायला लावायच्या आणि चौथं शील दोनदा म्हणवून घ्यायच्या, असं तिथल्या सेविकेनं मला एकदा हसत सांगितलं होतं. चौथं शील म्हणजे खोटं न बोलण्याचं.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्यांच्या नवऱ्यानं प्रवासी वाहतुकीसाठी आमच्याकडून जीपचं कर्ज घेतलं होतं. जीप दोन वर्षं चालली. मग तो तापानं गेला. जीप विकून आलेल्या पैशातून निम्मंही कर्ज फिटलं नाही. सहकर्जदार म्हणून बाईंची सही होती. लोकअदालतीत तडजोड झाली. व्याज माफ, आणि उरलेल्या मुद्दलाचा हप्ता बाईंच्या मिळकतीप्रमाणे. अट एवढीच की दर जून आणि डिसेंबरला त्यांनी मिळकतीचे कागद आणायचे: मानधनाची स्लिप, पासबुकाची झेरॉक्स, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र. मिळकत वाढली तर हप्ता वाढेल. मिळकत लपवली तर तडजोड रद्द, आणि माफ केलेलं व्याजसुद्धा वसूल.

हप्ता लहान राहणं बाईंना का हवं होतं, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. त्यांची मुलगी सुजाता भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती. "पोरगी नर्स झाली का तुमचा पैसा एका वर्षात फेकतो. तवरिक मले सांभाळून घ्या." आणि एवढं बोलून झाल्यावर अंडी लिहून घ्यायला लावली. मोहफुलं लिहायला लावली. तेंदूपत्त्याचे पंधरा दिवस लिहायला लावले. दोनदा त्यांचा हप्ता त्यांच्याच तोंडामुळे वाढला. मी एकदा म्हणालो, "बाई, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता."

"पाय माहा हाये जी. तुमी लिवा."

ऑफिसात आम्ही त्यांना 'हरिश्चंद्रीण' म्हणायचो. हे नाव मीच पाडलं होतं. त्या आल्या की शिपाई आतूनच ओरडायचा, "साहेब, हरिश्चंद्रीण आली, कोंबड्या मोजा!" बाईंना ते ऐकू जायचं. त्या बाकावर बसून पिशवीतले कागद क्रमानं लावत राहायच्या.

अशाच एका जूनमध्ये त्या दुपारी साडेचारला आल्या. मी अर्ज भरला, वाचून दाखवला. त्यांनी हात वर केला. "लंब्या पोळीचा पैसा राहिला."

आमच्या भागात लग्नाच्या पंगतीला लांब पोळी लागते. उलट्या मडक्यावर हातभर पोळी पसरून भाजायची. ते काम येणाऱ्या बायका थोड्या. बाईंचा त्यात हात बसलेला होता, आणि त्या उन्हाळ्यात त्यांना सहा लग्नांचं बोलावणं आलं होतं. त्यांनी सहा घरं बोटांवर मोजली आणि कोणाकडून किती मिळाले ते सांगितलं. सहावं घर आमच्या अध्यक्षांचं होतं. त्यांच्या पुतणीचं लग्न.

एवढी रक्कम धरली तर अर्ज नवा करावा लागणार होता. तीन प्रती, मधे कार्बन, हप्त्याचा नवा तक्ता, अध्यक्षांची सही. माझी भंडाऱ्याची बस पाच वाजता होती. मी म्हणालो, "राहू द्या बाई. लग्नाचा पैसा काही उत्पन्न नसतो. तो आज आहे, उद्या नाही."

"पण मी सांगतलं, हे तुमच्या ध्यानात राहीन ना?"

"राहील, राहील. करा सही."

त्यांनी सही केली. आजपर्यंत ज्या दोघा-तिघांना मी हे अर्धवट सांगितलं, त्यांना वाटलं की मला त्यांची दया आली होती. तसं काही नव्हतं. घरी कोणी आजारी नव्हतं, पाहुणेही यायचे नव्हते. उशीर झाला की बसमध्ये खिडकीची जागा मिळत नाही. कारण एवढंच होतं.

सप्टेंबरात अध्यक्षांनी बाईंची फाइल मागवली. पुतणीच्या लग्नात शेवटच्या पोळ्या करपल्या म्हणून त्यांनी बाईंच्या ठरलेल्या पैशातून पन्नास रुपये कापले होते, आणि बाईंनी ते भर मांडवात, व्याह्यांसमोर मागितले होते. अध्यक्षांना ते पन्नास रुपये सगळ्यांदेखत परत मोजावे लागले. ते ही गोष्ट विसरले नव्हते.

संचालकांच्या बैठकीत बाईंना बोलावलं गेलं. पाच संचालक, अध्यक्ष आणि कोपऱ्यात रजिस्टर घेऊन मी. बाईंना कोणी बसा म्हटलं नाही.

"पोळ्या करतेस?" अध्यक्षांनी विचारलं.

"करतो जी."

"माझ्या घरी केल्या. पैसे मी माझ्या हातानं दिले. या कागदात कुठं आहेत ते?"

"साहेबाले सांगतलं होतं मी. साहेबच म्हणले, राहू द्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती आणि माझ्याविरुद्ध आधीची एक तक्रार अध्यक्षांच्या टेबलावर होती. "काय हो मॅनेजर?"

"माझ्यापुढे असं बोलणं झालं नाही," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "उलट, इतर उत्पन्न आहे का, हे मी दर वेळी विचारतो. रकानाच आहे तसा."

बाई माझ्यावर चिडल्या नाहीत. मी विसरलो असेन असंच त्यांना वाटलं. त्या मला आठवण करून देऊ लागल्या. "साहेब, आठवा ना जी. तुमी घडी पाहून राहिले होते. बसची घाई होती तुमाले. मी बोटावर सहा घरं मोजले." मी रजिस्टरात पाहत राहिलो. मग त्या संचालकांकडे वळून म्हणाल्या, "भुलले असन साहेब. दिवसभर किती लोकं येतेत त्याइच्याकडं."

"पोळीसारखी जीभही लांब हाये वो हिची," एक संचालक म्हणाला, आणि बाकीचे हसले. मीही हसलो.

"खोटं बोलतेस आणि वरून साहेबावर ढकलतेस?" अध्यक्ष म्हणाले. "लहान पोरायले हेच शिकवतेस का?"

तडजोड रद्द झाली. 'कर्जदाराने हेतुपुरस्सर उत्पन्न लपवले' हे वाक्य इतिवृत्तात माझ्या अक्षरात आहे.

पुढचं सगळं तीन महिन्यांत झालं. व्याजासकट रक्कम भरायला बाईंनी आंबागडचं घर जागेसकट विकलं आणि चिखल्याला भावाकडे राहायला गेल्या. गाव सुटलं तसं अंगणवाडीचं काम सुटलं. सुजाताची फी राहिली. पाच महिन्यांचं शिक्षण उरलं असताना ती परत आली आणि तुमसरच्या कापड दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागली.

डिसेंबरात बाई ऑफिसात आल्या. तीच पिशवी, तेच कागद, आणि वर शंभराच्या स्टॅम्पवर नवं प्रतिज्ञापत्र: सहा घरं, सहा रकमा.

"बाई, तुमचं प्रकरण संपलं. आता कागद लागत नाहीत."

"तुमाले लागत नसन. ठेवून घ्या."

मी ते फाइलला लावले नाहीत. झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर मी महिनाभर बेरजा केल्या.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी चिखल्याला गेलो. बाई भावाच्या अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. वाळल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली. वाटेत घोकून ठेवलेलं मी सगळं सांगितलं: मी विसरलो नव्हतो, बैठकीत खोटं बोललो. त्यांचं पाखडणं थांबलं नाही.

"मले मालूम हाये."

"कधी कळलं?"

"तुमी हासले तवाच." सुपातला एक खडा काढून त्यांनी बाहेर टाकला. "पण हे मले कायले सांगता साहेब? मी तं तिथंच होतो ना. ज्याइले मालूम नाई त्याइले सांगा."

"कोणाला सांगू?"

"हे बी मीच सांगू का?"

त्यानंतर त्यांनी मला चहा विचारला नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. तांदूळ संपले तसं सूप घेऊन त्या आत गेल्या. मी थोडा वेळ बसून निघून आलो. घरी पोचेपर्यंत माझी समजूत झाली होती की मी माझं काम केलं आहे.

तीन वर्षांनी त्या गेल्या. जलदान विधीला मी गेलो. वंदना झाली, मग लोक एकेक करून बोलायला उठले. त्यांचा भाऊ म्हणाला, "बहीण माही सोनं होती. एकदा चुकली. पोरीच्या शिक्षणापायी चुकली, पैसा लपवला. गरिबाले मोह होते बावा. आपण तिले माफ केलं पाहिजे." सतरंजीवरची माणसं माना डोलवत होती. मग कोणीतरी म्हणालं, पतसंस्थेचे साहेब आलेत, दोन शब्द बोला.

मी उठलो. समोर साठ-सत्तर माणसं होती, म्हणजे ज्यांना माहीत नव्हतं ते सगळेच. मी म्हणालो, "बाई फार कष्टाळू होत्या. हप्ते नियमित भरायच्या." आणि बसलो.

सुजातानं मला चहा आणून दिला. तिशीला टेकलेली असेल तेव्हा, आईसारखीच उंच. "साहेब, तुमी आले, बरं वाटलं. एवढं होऊनही आईबद्दल चांगलं बोलले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी तं दोन वर्षं तिच्याशी धड बोलली नाई. आई म्हणे, मी सांगतलं होतं. मी म्हणो, आता तरी खोटं बोलू नको. मरताना बी तेच म्हणे."

मी चहा प्यायलो. कप तिच्या हातात परत दिला.

आता माझी पंचाहत्तरी उलटली आहे. अध्यक्ष गेले, दोन संचालक गेले, शिपाई गेला. सुजाता अजून त्याच दुकानात आहे. दोनदा मी त्या दुकानाच्या पायऱ्या चढलो आणि रुमाल घेऊन खाली उतरलो. बोलताना माझ्या तोंडून पुन्हा भलतंच काही निघेल, म्हणून हे लिहून देतो आहे.

सुजाता, तुझी आई मरताना खरं बोलत होती. त्या दुपारी तिनं सहा घरांची नावं आणि सहा रकमा मला बोटांवर मोजून सांगितल्या. मी त्या लिहिल्या नाहीत, आणि बैठकीत विचारलं तेव्हा नाही म्हणालो. लपवलं ते मी.