चष्म्याची नोंद

सिंगापूरच्या तुआस भागातल्या आमच्या कारखान्याने मला ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं होतं. तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात मी एक मळकी पुस्तिका विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धातल्या पायदळातल्या एका सैनिकाची सेवापुस्तिका होती ती. जर्मन सैनिक ती कायम खिशात बाळगत. आतल्या फोटोतला माणूस माझ्याच वयाचा होता. पुढे मी अशा बारा पुस्तिका जमवल्या.

बायकोला ते आवडलं नाही. मुखपृष्ठावरचं नाझी चिन्ह बुद्धमूर्ती असलेल्या खोलीत नको, असं तिने स्पष्ट सांगितलं. मला ते पटलं. पुस्तिका माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात गेल्या. शिवाय मला त्या वाचताही येत नव्हत्या. छापील जर्मन मी कसंबसं वाचायचो, पण जुन्या वळणात हाताने लिहिलेल्या नोंदी म्हणजे नुसत्या रेघोट्या.

सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या आमच्याच इमारतीत एक जर्मन बाई राहतात. लग्न करून इथे आल्या, शाळेत शिकवलं, आता ऐंशीच्या घरात आहेत. लिफ्टमध्ये ओळख झाली होती, म्हणून मी एक पुस्तिका पुढे करून, वाचून दाखवाल का, असं भीत भीत विचारलं. त्यांनी पुस्तिका हातात घेतली नाही. आठवडाभराने स्वतःच दार वाजवलं.

"वाचायला शिकवते," त्या म्हणाल्या. "पण यातल्या कुणाला माझ्यासमोर शूर म्हणायचं नाही."

मी कबूल केलं. मग वर्षभर दर शनिवारी सकाळी आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. आधी एकेक अक्षर, मग शब्द. उंची, केसांचा रंग, बुटाचं माप, दाताचे उपचार, मिळालेली रजा. कोणी सुतार, कोणी बेकरीतला कामगार.

एका पुस्तिकेत सैनिकाच्या बायकोचं नाव आणि गावाचा पत्ता स्वच्छ वाचता आला. बाईंनी त्या गावच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं: सैनिकाची मुलगी हयात आहे, गावातच राहते. पुस्तिका तिलाच द्यायची, यावर आमचं दोघांचं लगेच एकमत झालं. पार्सल माझ्या बायकोने बांधलं. आधी मऊ कापडात, मग प्लॅस्टिकमध्ये. मी तिला बांधायला सांगितलंही नव्हतं.

मुलीचं पत्र बाईंनी मला वाचून दाखवलं. वडील गेले तेव्हा ती पोटात होती. घर जळलं, फोटो एकही उरला नाही. वडिलांनी युद्धात काय केलं असेल, या विचाराने ती आयुष्यभर त्यांचं नाव काढायला घाबरली. ती भीती अजूनही आहे, असं तिने लिहिलं होतं. पण पुस्तिकेच्या एका पानावर त्यांना सैन्यात चष्मा दिल्याची नोंद होती. "मला सहाव्या वर्षी चष्मा लागला. आई म्हणायची, आमच्याकडे कुणालाच नाही. आता कळलं, कुणाकडून आला."

बाईंनी पत्र खाली ठेवलं.

त्यानंतर आणखी दोन सैनिकांच्या घरी पत्रं गेली. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या घराने कळवलं, आम्हाला नको. तेही मला समजतं. शनिवार मात्र चालू आहेत. हल्ली बाईंना बारीक अक्षर दिसत नाही. मी मोठ्याने वाचतो, त्या डोळे मिटून ऐकतात आणि उच्चार चुकला की थांबवतात. माझे अजून बरेच चुकतात. त्या कंटाळत नाहीत, हे माझं भाग्य.