मुरमाच्या रस्त्यानं पाण्यापर्यंत

माझी टकळी एकदा सुरू झाली की थांबत नाही, हे आमच्या आख्ख्या गावाला ठाऊक आहे. आणि लग्न झालं कुणाशी, तर एसटीच्या लाल गाडीच्या ड्रायव्हरशी. गाडीत पुढं पाटी असते ना, चालकाशी बोलू नये म्हणून, तो नियम आमच्या मालकांनी घरीही लावला होता. मोटारसायकलवर मागं बसून मी काही सांगायला लागले की मान न वळवता म्हणायचे, उतरल्यावर सांग. उतरल्यावर काय सांगायचं? तोवर गोष्ट शिळी झालेली असायची. सगळा संसार मी मूग गिळून मागं बसले, त्याचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू.

रिटायर होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच मालकांच्या डोळ्यांनी दगा दिला. शुगर होतीच. बारामतीच्या डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून समजावलं, पडद्याचं मधलं गेलंय, कडेचं राहिलंय. म्हणजे ताट वाढलं तर ताटाची कड दिसायची, भाजी दिसायची नाही. इंजेक्शनं झाली, तपासण्या झाल्या. गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा, असं शेवटी त्यांनी सांगून टाकलं.

घरी आल्यावर मालकांनी मोटारसायकलची किल्ली लेकाच्या हातात दिली आणि खाटेवर जे पडले ते पडलेच. हाक मारली तर जेवायचे. लेक इंदापुरात नोकरीला आहे, तो सुट्टीला गाडी घेऊन यायचा, चला दादा, फिरवून आणतो म्हणायचा. मालक म्हणायचे, मी पाशिंजर न्हाय. जन्मभर स्टिअरिंग धरलेला माणूस शेजारच्या सीटवर बसायला तयार नाही. पायी फिरा म्हटलं, तर काठी नको. ताठा तेवढा शाबूत होता. मी वरून करवादायचे, पण आतून घाबरले होते. असाच पडून राहिला तर हा माणूस हळूहळू संपेल, आणि मी स्वयंपाकघरातून बघत राहीन, ही भीती मला झोपू द्यायची नाही.

आमच्या घरामागून पाट जातो. पाटाच्या भरावावर मुरमाचा रस्ता आहे, एका अंगानं बारामतीकडं, दुसऱ्या अंगानं इंदापूरकडं. ऊस चालू असताना ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपुढं तिथं उभं राहायची सोय नसते. पण कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की तोच रस्ता रिकामा. चार शेळ्या, एखादी मोटारसायकल, बाकी नुसती चिलारीच्या काटेरी झाडांची सावली. एका सकाळी शेण टाकायला गेले आणि तो मोकळा रस्ता बघून माझ्या डोक्यात किडा शिरला.

लेकीची शाळेतली लेडीज सायकल गोठ्यात गंजत होती, मालकांची काळी सायकल माळ्यावर. दोन्ही पंक्चरवाल्याकडून नीट करून आणल्या. माझं माहेर नरसिंहपूरच्या बाजूला, नदीकाठच्या वाटांनी सायकलवरच शाळेला गेलेली मी. काळी सायकल खाटेला टेकवून म्हटलं, ही घ्या तुमची गाडी. ते उठले, चाचपडत टायर दाबले, ब्रेक दाबून पाहिले, घंटी वाजवली. डेपोतून गाडी काढण्याआधी हेच करत असतील.

पाटाला त्या दिवसांत आवर्तन नव्हतं, म्हणजे पाणी सोडलेलं नव्हतं, त्यामुळं बुडायचं भय नव्हतं, पडायचं होतं. मी पुढं, मालक मागं. मी ओरडत होते, खड्डा, दगड, डावीकडं घ्या. थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, हुकूम नको सोडूस, माझं ध्यान जातं, नुसतं बोलत ऱ्हा, आवाज जिकडं जाईल तिकडं मी येतो. ऐका. ज्या माणसानं मला बोलू दिलं नाही, तो म्हणत होता बोल.

मग काय, मी सोडते होय? जावेनं आंब्याच्या वाटणीत काय केलं, मावसभावाच्या लग्नात मानपानावरून कोण कसं रुसलं, सगळं साठवलेलं बाहेर काढलं. मालक मागून हुं हुं करायचे. रोज थोडं पुढं जायचो. शेजारचे तात्या बांधावरून म्हणाले, मंत्र्यासारखी पायलट गाडी लावलीय की ड्रायव्हरनं. मालक हसले. किती महिन्यांनी हसले, मला तर रडूच आलं.

एकदा मात्र मी चुकले. माझ्या माहेरावरून ते काहीतरी खोचक बोलले, आणि नाकावरचा राग माझा, मी तोंड बंद केलं ते केलंच. थोड्या वेळानं लक्षात आलं, मागून चेनचा आवाज येत नाही. वळून बघते तर मालक भरावाच्या अगदी कडेला, एक पाय खाली टेकवून, हँडल घट्ट धरून उभे. पुढचं चाक पाटावर लोंबतंय. जवळ गेले तर हळू आवाजात म्हणाले, "तू गप झाली की मला रस्ता कळत न्हाय." त्यानंतर भांडायचं असलं तरी मी बोलत बोलत भांडते.

वैशाख लागला तेव्हा त्यांनी उजनीचं काढलं. हायवेनं गाडी नेताना धरणाचं पाणी लांबून चकाकताना रोज दिसायचं, पण पाशिंजर टाकून ड्रायव्हर कुठं थांबणार? त्या पाण्यापाशी एकदा जायचं, आणि आपल्या पायानं पायडल मारत जायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. लेकाला कळल्यावर तो फोनवर इतका चिडला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. हायवे कसा ओलांडणार, विचारत होता. त्याचं चूक नव्हतं. पण ह्या खेपेला नको म्हटलं तर मालक परत त्या खाटेवर जातील, हे मला दिसत होतं. येताना तू गाडी घेऊन ये, जाताना आमचे आम्ही जाऊ, असं सांगून मी फोन ठेवला.

तांबडं फुटायच्या आत निघालो. पाट सोडून गाडीवाटेला लागलो, डाळिंबाच्या बागा गेल्या, दोनदा थांबून भाकरी खाल्ली. हायवेखालून गुरं नेण्यापुरता बोगदा आहे, तिथं उतरून सायकली हातानं नेल्या. डोक्यावरून ट्रक धडधडत होते. मालक मध्येच थांबले, वर तोंड करून ऐकत राहिले. मला वाटलं, आता मन खट्टू होणार. पण ते म्हणाले, ह्यो गेला त्याची एका बाजूची हवा कमी हाय, आणि चालायला लागले.

पाणी उन्हानं बरंच मागं सरलं होतं. चिखल, उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली कलिंगडं, आणि पुढं उथळ पाण्यात फ्लेमिंगो, कितीतरी. पाय गुलाबी, पंख उघडले की आतून लालभडक. मालकांना दगडावर बसवलं आणि त्यांच्यासमोर उभी राहून मी हात करकरून सांगत होते, हा बघा उडाला, तो बघा चोच चिखलात घालून काय शोधतोय. आणि हे? पाण्याकडं बघतच नव्हते. मान पार वळवून बांधावरच्या बाभळीकडं तोंड करून बसलेले. एवढा घसा कोरडा करून इथवर आणली स्वारी, आणि ही कदर? माझा पारा चढला.

"अहो, पक्षी हिकडं हायती. बाभळीत काय ठेवलंय?"

मालकांनी मान तशीच ठेवली.

"पक्षी न्हाय दिसायचं आता मला. आन सरळ बघितलं की तुझ्या तोंडावर नुसता डाग दिसतो. बाभळीकडं बघितलं की कडंला तू दिसतीस."

घरात मी बोलत असले की ते भिंतीकडं तोंड करून बसायचे, आणि मला वाटायचं, विटलेत मला. एवढे महिने ते मला बघत होते.

घामानं चिकटलेले केस मी मागं सारले, पदर सारखा केला, आणि त्यांच्या डाव्या अंगाला सरकून बसले.

"आता मान नका वळवू," मी म्हटलं, "सरळ पाण्याकडं बघा. दिसते का?"

"दिसतीस," ते म्हणाले.