पश्चिमेची खिडकी कोणाच्या हौसेची

पांढुर्ण्यातल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीला रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे, एक खिडकी होती. कमरेपासून पार वरपर्यंत उंच, जवळजवळ भिंतभर रुंद आणि साध्या काचेची. पाहुणे विचारायचे, एवढी मोठी कशी? मी म्हणायचो, "हिची हौस." बायको चहाचे कप घेऊन तिथंच उभी असायची. चार लोकांत नवऱ्याचा शब्द खोडायचा नाही, अशा घरातून ती आली होती. कप ठेवून ती आत जायची.

ते खरं नव्हतं. हौस माझी होती. संत्र्याच्या एका व्यापाऱ्याच्या घराला तशी काच होती आणि ती मला रोज बसमधून दिसायची. घराचा पाया भरत होता तेव्हाच बायको म्हणाली होती, "अहो, खिडकी उत्तरेला काढा. इकडून उन्हाळाभर भाजून निघू."

"उत्तरेला काय पाहतेस? शेजाऱ्याची पाण्याची टाकी?" मी म्हणालो. मिस्त्री हसला. मीही हसलो.

माझी नोकरी सौंसरच्या तहसील ऑफिसात. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परत. ती लोकांचे ब्लाऊज शिवायची. गिऱ्हाईक रस्त्याकडून यायचं, म्हणून मशीन पुढच्याच खोलीत, त्या खिडकीजवळ. दुपारी तिथं काय होतं ते मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. सुटीच्या दिवशी मी मागच्या खोलीत कूलरपुढे झोपायचो.

चैत्र लागला की ती काचेला चुना लावायची. तिला तो बाहेरून लावायचा होता. मी नाही म्हटलं. "रस्त्यावरून घर कसं दिसन? बंद पडलेल्या दुकानासारखं!" मग ती आतून लावायची. पाहुणे येणार असले की मी ओल्या फडक्यानं तो पुसून काढायचो. ते गेले की ती पुन्हा लावायची. यावरून आमचं भांडण कधी झालं नाही. तिला काही वाटत नसावं, असं मी धरून चाललो.

ती गेली त्याला चार वर्षं झाली. आजार वेगळा होता, त्याचा दोष मी खिडकीला देत नाही. तेरवीला तिची बोरगावची बहीण रडता रडता म्हणाली, "किती हौसेनं खिडकी करून घेतली होती वो बाईनं!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायची ती वेळ होती. मी होकाराची मान डोलावली.

आता नोकरी संपली, दुपारी त्या खोलीत मीच असतो. मागच्या उन्हाळ्यात तिच्या मशीनच्या लोखंडी चाकाला हात लागला आणि चटकन मागे घ्यावा लागला. पुण्याला असलेल्या मुलीला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, "बाबा, आईची खिडकी बुजवायची नाही. फक्त काच बदला. गरमी अडवणारी डबल काच येते आता."

म्हणून सौंसरला काचेच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर एक तापणारा लाल बल्ब लावला आणि त्याच्यापुढे साधी काच धरली. "मागं हात ठेवा, काका." हात भाजायला लागला. मग दोन काचांची जोडी धरली, मधात बंद हवा. धग कमी झाली. तिसरीही जोडीच, पण तिच्या एका काचेला आतल्या, म्हणजे बंद हवेकडच्या अंगानं डोळ्यांना न दिसणारा लेप. उजेड आला, धग जवळपास नाहीच.

"हेच घेऊन जा. पण लेपाची काच बाहेरच्या अंगाला पाहिजे. उलटी बसवली तर फायदा कमी. घरात शिरल्यावर ऊन अडवून काय करता?"

मी विचारलं, "अन् साध्या काचेला आतून चुना लावला तर?"

"थोडा फरक पडते. पण काच तापते अन् आतच ओकते. चुना बाहेरून लावा लागते जी! हे तर कोणतीही बाई सांगन तुम्हाले."

सांगितलं होतं.

"खिडकी कोणत्या बाजूनं आहे?"

"पश्चिमेला."

"काहून काढली बापा तिकडं? उत्तरेला असती तर साधी काचही चालली असती."

सवयीचं उत्तर ओठांपर्यंत आलं होतं. ते गिळलं. "मीच काढली," म्हणालो.

त्याच संध्याकाळी मुलीला फोन केला. "कोणती काच ठरली?" तिनं विचारलं. काचेचं राहू दिलं आणि सगळं सांगितलं, चुना पुसायचो तेही. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. ती उठली नाही.

"म्हणजे आईची नव्हतीच ती?"

"नाही."

"मी पोरांना आजीची खिडकी म्हणून फोटो दाखवून राहिली इतके दिवस." मग म्हणाली, "आईला कुठं पाहिजे होती?"

"उत्तरेला."

"केवढी?"

"विचारलं नव्हतं," म्हणालो.

"मावशीला तुम्ही सांगा, बाबा. मी नाही सांगणार." तिनं फोन ठेवला.

बोरगावला जाऊन आलो. बायकोच्या बहिणीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चहा विचारला नाही.

पश्चिमेची खिडकी बहुतेक बुजवली. उजेडापुरती वर एक पट्टी ठेवली, तिला ती तिसरी काच बसवली. लेपाची बाजू दोनदा विचारून घेतली. आता पुढच्या रस्त्याची बस दिसतच नाही आणि दोन काचांमुळे ऐकूही येत नाही.

मशीन उत्तरेच्या भिंतीशी सरकवलं. तिच्या स्टुलावर बसलो, डोळे जिथं येतात तिथं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली आणि तिथं खिडकी काढली. तिला दुकानदारानं साधीच काच दिली. खोली आता थंड असते. दुपारी मी त्याच स्टुलावर बसतो. समोर शेजाऱ्याची टाकी दिसते, तिच्या बाजूला संत्र्याचं एक झाड आहे. ते केव्हाचं आहे, मला माहीत नाही.

मुलीचा फोन अजून आलेला नाही. आला की खिडकी केवढी काढली ते सांगीन. दोन हात रुंद, दीड हात उंच. तिच्या आईला एवढीच पाहिजे होती, असं मात्र म्हणणार नाही.