खड्ड्याचं तेवढं बघून ठेवा

आमच्या एजंटाला एकच वाक्य येत होतं. "होऊन जाईल, ताई." फोन केला की होऊन जाईल, समोर भेटला की होऊन जाईल. आठ महिने त्या माणसानं मला असा काही ताप दिला की आठवलं तरी डोकं फिरतं. तरी मी त्याला शिव्या घालायला लागले की मध्येच थांबते. का थांबते, तेच सांगायला बसले आहे.

विकायचं होतं ते बाबांचं घर. नागपूरच्या जुन्या भागात, विणकरांच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. बाबा हातमागावर लुगडी विणायचे. पुढच्या खोलीत माग होता आणि मागाखाली जमिनीत खड्डा. विणकर जमिनीवरच बसतो, पाय त्या खड्ड्यात सोडतो, खाली पायानं फळ्या दाबतो आणि वर हातानं धोटा फेकतो. बाबा बाराव्या वर्षी तिथं बसले ते सत्तरीपर्यंत. लहानपणी आम्हाला बाबा दिवसभर कमरेपासून वरच दिसायचे.

एका सकाळी विणता विणताच त्यांची डावी बाजू लुळी पडली. शेजारच्या चौघांनी त्यांना खड्ड्यातून उचललं आणि तसंच दवाखान्यात नेलं. तिथून ते सरळ माझ्याकडे, नंदनवनच्या फ्लॅटवर आले. आई आधीच गेलेली, त्यामुळे त्या घरात मागं कोणी उरलं नाही. अर्धं विणलेलं लुगडं मी कापून काढलं, माग लाकूडवाला घेऊन गेला, खड्ड्यावर लाकडी पाट्या टाकल्या. बाबा हळूहळू काठीनं चालायला लागले, पण एकटं राहणं आता शक्य नव्हतं. घर विकायचं म्हटलं तर चार दिवस बोललेच नाहीत. पाचव्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "विकून टाक. पण एकदा मले त्या खड्ड्यात बसू दे. मी तिथून उठलो नाही वं, मले उचललं. एकदा माह्या पायानं उठतो, मग दे कोणालेबी."

मी हो म्हटलं. त्यात काय एवढं, असंच वाटलं तेव्हा.

त्या दिवसापासून त्यांनी सराव सुरू केला. पाय खाली सोडून बसलं की त्यांना उठता येण्यासारखं होतं. मांडी घालून जमिनीवर बसले तर मात्र अजिबात नाही. म्हणून पलंगाच्या काठावर बसायचे, काठी रोवायची, आणि उठायचं. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. मी डाळीला फोडणी देत असले की आतून मोजणं ऐकू यायचं. सातव्या-आठव्याला आवाज लटपटायचा, पण दहा पुरे केल्याशिवाय सोडायचे नाहीत.

मी हिंगण्याला कंपनीच्या ऑफिसात. सकाळी बस गाठायची ते दिवेलागणीलाच परत. म्हणून किल्ली एजंटाकडे दिली, आणि तिथंच फसले. न सांगता पार्ट्या आणायचा, दार उघडं टाकून जायचा. एका जोडप्याला त्यानं चक्क शेजारच्यांचं घर दाखवलं; शेजारच्या काकूंनी त्यांना चहासुद्धा पाजला. मी सुट्टी टाकून उन्हात दारात उभी, आणि हा फोनवर म्हणतो, "रस्त्यातच आहे ताई, पोहोचूनच राहिलो." मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती. दुसरा एजंट पाहावा असं दहादा मनात आलं, पण पुन्हा नव्यानं सगळं कोण सांगत बसणार? बाबांची इच्छा मी याला दोनदा सांगितली होती. दोन्ही वेळा दुसरा फोन त्याच्या कानाला होता.

शेवटी एक पार्टी पक्की झाली. रविवारी दुपारी किल्ली द्यायची ठरली. बाबांना मी सकाळीच नेणार होते. पण खड्ड्यावरच्या पाट्या काढायच्या होत्या, आत इतक्या महिन्यांची धूळ, कोळिष्टकं. मी बुधवारी कंपनीच्या बसमधून, त्या खडखडाटात, त्याला आवाजी निरोप पाठवला. रविवारी आम्ही गल्लीत पोहोचलो तर हा चक्क आमच्या आधी हजर. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बाबा आत गेले. चार पावलं टाकून थांबले आणि सवयीनं भिंतीच्या कडेकडेनं वळले, जसं आम्ही सगळे त्या खोलीत आयुष्यभर वळत आलो. मग त्यांनी खाली पाहिलं. जुन्या काळपट फरशीच्या मधोमध नवी पांढरी टाइल चमकत होती. काठीनं त्यांनी ती दोनदा ठोकून पाहिली. आवाज भरीव आला.

"खड्डा कुठं गेला?"

एजंट खुशीत होता. म्हणाला, काकाजी, एकदम फिट करून टाकलं, मलबा भरून वर टाइल, आता पडायची भीती नाही. मी त्याच्यावर तुटूनच पडले. कोणाला विचारून केलंत, म्हटलं, तुम्हाला दोनदा सांगितलं होतं ना? तो बिचारा गोंधळला. त्यानं खिशातून फोन काढला, काही शोधलं आणि माझ्यासमोर धरला. माझाच आवाज खोलीत वाजला.

"खड्ड्याचं तेवढं बघून ठेवा, रविवारी बाबा येऊन राहिले."

आठ महिन्यांत त्या माणसानं माझं एकच काम वेळेवर केलं होतं. म्हातारा माणूस येणार, पडेल, म्हणून मी सांगितलं असं तो समजला. आणखी चार शब्द बोलायला मला काय झालं होतं?

बाबांनी सगळं ऐकलं. माझ्या हातात काठी दिली आणि गुडघ्यावर हात टेकून खाली बसायला लागले. नका बसू बाबा, म्हणेपर्यंत ते त्या टाइलवर टेकले होते. उजवा पाय पुढे गेला, डावा अर्धवट दुमडला.

"पाय कुठं सोडू आता?" ते म्हणाले.

मी दाराकडे तोंड करून रडले. ते थोडा वेळ बसले. मग उजवा तळहात टाइलवर टेकून एकदा जोर लावला, दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावलाच नाही, हात वर केला. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं एजंटानं, आणि आम्ही त्यांना उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून मोजणं ऐकू आलं नाही. चहा घेऊन गेले तर पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, पाय वर घेऊन. आज सराव नाही का, विचारलं.

"आता कुठून उठाचं आहे वं?" म्हणाले, आणि कप घेतला.