भाऊजींच्या मुंग्या

आमच्या भाऊजींच्या पायाला भिंगरी आहे, हे ताईच्या लग्नातच कळलं होतं. फोटोग्राफरला त्यांचा एक फोटो धड मिळाला नाही. माणूस न्हावी. गिऱ्हाइकाला ‘हलू नका’ म्हणायचं आणि स्वतः खुर्चीभोवती नाचायचं.

दुकानातला आरसा निखळून त्यांच्या उजव्या मनगटावर पडला आणि आतला मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी तो शिवला, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकडासारखी झाली. वस्तरा नुसता धरून चालत नाही; गळ्यावर तो किती टेकलाय ते बोटांना कळावं लागतं. भाऊजींना दुसरं काहीच येत नव्हतं.

“तंतू वाढतो, पण फार हळू,” डॉक्टर म्हणाले.

“दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी, जातं मुंगीच्या,” ताई पुटपुटली.

वाढ लवकर व्हावी म्हणून एक नवी गोळी होती, तिची अजून चाचणीच चालू होती. ती भाऊजींना सुरू करताना डॉक्टरांनी बजावलं, “काही त्रास झाला तर लपवू नका. गोळी बंद करावी लागेल.”

त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं भाऊजींनी गाठीला बांधलं.

दर खेपेला डॉक्टर हातावर बोटाने टकटक करत विचारायचे, “काही होतंय का?” भाऊजी म्हणायचे, “छे हो, काही नाही.” घरी मात्र जेवता जेवता उठायचे, हात झटकायचे, बादलीत बुडवायचे, या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. ताईने विचारलं की खेकसायचे. मला त्यांचा संताप यायचा.

परवा ताईला बरं नव्हतं म्हणून मी बरोबर गेले. तोच प्रश्न, तेच उत्तर. डॉक्टर म्हणाले, “गोळीचा उपयोग दिसत नाही. बंद करू. शिवण उघडून बघावी लागेल.”

भाऊजी ताडकन उठले. “मग मी एवढं सोसलं ते उगाच?”

“काय सोसलं?”

भाऊजींनी उजवा हात पाठीमागे नेला.

“सांगा ना, भाऊजी,” मी म्हटलं. “दिवसभर हात झटकता ते.”

“मुंग्या,” ते कसेबसे म्हणाले. “तुम्ही टकटक केलीत की जास्तच. आधी मनगटात यायच्या, आता तळहातात.”

“अहो, मी त्याच तर शोधतोय! तंतू जिथवर पोचतो तिथे मुंग्या येतात. मग ‘काही नाही’ का म्हणालात?”

“‘काही होतंय’ म्हटलं असतं तर गोळी बंद केली असतीत.”

मला हसू आवरेना. डॉक्टर हसले नाहीत. हे गोळीने झालं की आपसूक ते आज सांगता येत नाही, म्हणाले. बोटांपर्यंत पोचेलच असंही नाही. पण शिवण उघडायची नाही, गोळी चालू ठेवायची. मग त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी टकटक केली.

“आल्या,” भाऊजी म्हणाले, आणि उभ्या उभ्या रडायला लागले. हात मात्र मागे घेतला नाही.

“पुन्हा एकदा करा ना,” म्हणाले.