चढणीचे मासे
शेजारी माशांच्या अंड्यांची गाबोळी तळल्याचा वास आला की धायरीचा ओढा आठवतो. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाले होते, सातवा सरला होता. धाकट्या भावाचा हात धरून पाण्यात उतरले, तर पोटऱ्यांना घासत काहीतरी सळसळत वर गेलं. मी किंचाळले. “ताई, चढणीचं मासं हायती,” तो म्हणाला, “नदीत मोठं मासं पिलं गिळत्यात, म्हणून वर उथळात अंडी घालाया निघाल्यात.” वर बघते तर त्यांच्या वाटेतच माणसं टोपल्या लावून बसलेली. पाणी मांड्यांपर्यंत चढलं आणि पोटातली हालचाल एकदम थांबली. पलीकडे काठाला लागल्यावर आतून एक लाथ बसली, तेव्हा कुठे मला रडू फुटलं. परवा त्याच लेकीचा फोन आला, “आई, बाळंतपणाला तुझ्याकडे येते.” मी म्हटलं, “तू हलू नकोस. मीच येते.”